बागेची मालकी

बाग कोणाची? लावणाऱ्याची, राखणाऱ्याची, की तिच्या सावलीत बसणाऱ्याची? कायद्याच्या पुस्तकात हा प्रश्न जितक्या सहज सुटतो, तितका मनात सुटत नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत वृक्षांखाली हिंडताना तो मला फार जाणवला.

मगनवाडी ही मुळात शेठ जमनालाल बजाजांची फळबाग. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि बंगल्यासह ही बाग त्यांनी संघाच्या हवाली केली. तिला नाव मिळाले ते १९२८ साली दिवंगत झालेल्या मगनलाल गांधींचे, देणाऱ्याचे नव्हे! १९३६ साली शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, जाण्यापूर्वी महात्माजी येथेच राहत. जेथे धनिकाने फळे मोजावयाची, तेथे कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी फिरू लागली, हातकागद वाळू लागला. १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालय आजही तेथे उभे आहे.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ पिल्निट्झच्या राजवाड्यात कॅमेलियाचा एक वृक्ष आहे. कॅमेलिया म्हणजे आपल्या चहाच्या झुडपाची रूपवती बहीण. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ती तग धरावयाची नाही. हा वृक्ष १८०१ साली तेथे लावला गेला. हिवाळा आला, की रुळांवरून आख्खे काचघर सरकवीत आणून त्याच्यावर पांघरतात. १९१८ साली सॅक्सनीचे राजे गेले. वृक्ष मात्र फुलतच राहिला आणि त्याची जोपासना आता लोकच करतात. तेथे मालकी काळाने हिरावून घेतली. येथे मालकाने ती आपण होऊन सोडली. बागा दोन्हीही उरल्या; परंतु सुटण्यातली शोभा वर्ध्याच्या वाट्याला आली, असे मला वाटते.

हे सारे मी तटस्थपणे लिहीत आहे, असे मात्र वाचकांनी समजू नये. वडिलांच्या पश्चात आम्हा तिघा भावांनी घर, शेत, भांडीकुंडी निमूटपणे वाटून घेतली. घरामागच्या आमराईचे नाव निघाले, की मात्र आवाज चढतात. दोन भिंती घालून तिचे तीन तुकडे सहज होतील. पण जमिनीखाली एकमेकांत गुंतलेल्या मुळांची मोजणी कोणता अमीन करणार? आमराई अखंड ठेवून शेजारच्या शाळेला द्यावी, असे मी दोघांना कळविले आहे. धाकट्याने होकार दिला. थोरल्या दादांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे, आणि झाडांना तर मोहोर येऊ लागला आहे.