दोन घाट्या नि एक पऱ्या

पुणे, रविवार

प्रिय बायो,


तुझं पत्र मिळालं. कोकणात सायकलने जायचं ठरवलंस, फार आनंद झाला. तू एकच प्रश्न विचारला आहेस: दिवसाला किती किलोमीटर धरू? त्याचं उत्तर देते, पण आधी गेल्या महिन्यातला माझा एक दिवस ऐक.

पहाटे साडेसहाला मी गुहागर सोडलं. संध्याकाळपर्यंत रत्नागिरी गाठायची होती. नकाशावर अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. सोलापूरच्या सपाट रस्त्यावर एवढं अंतर मी दुपारच्या जेवणापर्यंत कापलेलं आहे, त्यामुळे मनात काळजी नव्हती. पोफळीच्या बागांतून पालशेतपर्यंत गारवा होता. तिथून पुढे कोकणाने आपली रीत दाखवायला सुरुवात केली.

ही रीत नीट समजून घे. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या आणि पऱ्ये, म्हणजे ओढे, समुद्राकडे धावताना जांभ्याचा सडा चिरत जातात. पाणी खाली, म्हणून गाव खाली, नारळी-पोफळीच्या वाड्याही खाली. वर सड्यावर कातळ आणि जानेवारीत वाळून पिवळं पडलेलं गवत. रस्ता गावात उतरतो, साकव ओलांडतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. असं दिवसभर. उतारावर मिळालेला वेग खालच्या वळणावरच संपतो, कारण तिथे गुरं असतात, शाळेला निघालेली मुलं असतात. चढ मात्र पहिल्या इंचापासून पायांनीच चढावा लागतो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नकोस. दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, म्हणजे रिम तापत नाही.

हेदवीला दशभुज गणपतीचं दर्शन घेतलं आणि बामणघळीपाशी गेले. भरतीच्या वेळी त्या चिंचोळ्या भेगेतून पाणी उंच उसळतं. मी पोचले तेव्हा ओहोटी होती. तू जाशील तेव्हा भरतीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेव.

नरवण, रोहिले करत तवसाळच्या जेट्टीवर उतरले, तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. समोर जयगड दिसत होता, आणि मध्ये शास्त्री नदीची रुंद खाडी. बोटीवाचून पलीकडे जायचं तर भातगाव पुलापर्यंत मोठा वळसा. सावलीला बसले. शेजारी मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या दोघी होत्या. "एकटीच गो?" एवढ्यावरून सुरू झालेलं बोलणं पलीकडे बोट लागेपर्यंत संपलं नाही. रेवस-रेडी सागरी महामार्गाचा पूल इथे व्हायचा आहे. त्यांना तो हवा आहे. रात्री घरात कुणी आजारी पडलं तर बोट नसते, हे त्यांनी सांगितलं, आणि मला ते पूर्ण पटलं. पूल व्हावाच. पण तो होण्याआधी तू एकदा या बोटीतून सायकल घेऊन जा.

जयगडला बंदर आणि वीज प्रकल्प असल्याने अवजड ट्रक फार. पुढे मालगुंडच्या वाटेवर, भर उन्हात, मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, निघाले, आणि अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा तेच. चूक माझीच होती. टायरच्या आतून बोट फिरवून पाहिलं नव्हतं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार आत तशीच राहिली होती, तिने नवी ट्यूबही फोडली.

दुसरी शिल्लक ट्यूब नव्हती. जवळच्या घरातल्या आजींनी घमेलंभर पाणी आणून दिलं. ट्यूब बुडवली, बुडबुडे दिसले, जागा घासून पॅच लावला. तोवर त्यांनी गूळ-पाणी दिलं आणि ओटीवर बसवून ठेवलं. मालगुंड किती लांब, असं विचारल्यावर म्हणाल्या, "लांब कुठलं? दोन घाट्या नि एक पऱ्या."

बायो, दिवसभर मी सायकलच्या मीटरवर अंतर बघत होते आणि दर वेळी हिशोब चुकत होता. त्या आजींचं माप तंतोतंत निघालं. त्यांनी जन्मभर ती वाट डोक्यावर भारे घेऊन तुडवली होती. किती वेळा दम लागणार आणि कुठे पाणी मिळणार, एवढंच पायांनी जाणाऱ्याला कळायला हवं असतं. ते दोन्ही त्या पाच शब्दांत होतं.

मालगुंडला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. रत्नागिरीचा हट्ट सोडला आणि तिथेच मुक्काम केला. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी केशवसुतांच्या जन्मघरातलं स्मारक निवांत बघता आलं. १८६६ साली ते या गावात जन्मले. ठरल्याप्रमाणे गेले असते तर संध्याकाळच्या घाईत त्या घरावरून तशीच पुढे निघून गेले असते. गणपतीपुळे आणि आरे-वारेचा समुद्र नंतर सकाळच्या उजेडात मिळाला.

आता तुझं उत्तर. कोकणात दिवसाला पन्नास किलोमीटर धर, त्याहून जास्त नको. सूर्य उगवताना निघ, अकरा ते तीन सावलीत थांब, जवळ तीन लिटर पाणी आणि दोन ट्यूब ठेव. पुढच्या गावाचं अंतर फोनला विचारण्याआधी वाटेवरच्या माणसाला विचार. आणि निघण्याआधी, घरच्या अंगणात बसून, पंक्चर स्वतःच्या हाताने काढायला शीक.

तुझी,
आत्या