अंथरूण पाहून

लोट्याच्या एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटबाहेर टँकर रांगेनं उभे असतात. माल उतरवून घ्यायच्या आधी त्याचं सॅम्पल लॅबला जातं आणि ते पास होईपर्यंत टँकर जागचा हलत नाही. कधी दोन तास, कधी अख्खी रात्र. सॅम्पल नापास झालं, खरेदी खातं आणि माल पाठवणारा यांची फोनाफोनी सुरू झाली, की दोन दिवससुद्धा. तेवढा वेळ ड्रायव्हर आणि क्लीनर गाडीतच राहतात. टँकरच्या अंगाला, चाकांच्या मध्ये एक लोखंडी पेटी असते. तिचं झाकण खाली पाडलं की ओटा तयार. आत छोटी शेगडी, तवा, पिठाचा डबा, पिशवीत कांदे-बटाटे. ज्वलनशील मालाजवळ जाळ करू नका म्हणून सेफ्टीवाले हटकतात, मग मंडळी शेगडी उचलून लांब आकेशियाच्या सावलीत जाऊन बसतात. केबिनच्या आरशाला बनियन वाळत घातलेलं, सीटमागच्या फळीवर गोधडी, काचेसमोर देवाचा फोटो. पहाटे पाण्याचा कॅन घेऊन कुणी दात घासत असतो आणि त्याच्या शेजारून आमची नाइट शिफ्ट सुटून घरी जात असते.

निवृत्ती जवळ आली तशी मला एखादी आटोपशीर कॅम्पर व्हॅन घ्यावी असं वाटू लागलं. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून हे खूळ डोक्यात शिरलं, असं घरच्यांचं मत आहे. मूळ खरं त्या केबिनमध्ये आहे. फर्स्ट, सेकंड, नाइट करत ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला हाव कशाची असते? झोप येईल तेव्हा आणि येईल तिथे आडवं होण्याची. हॉटेलात बाराला खोली मिळणार, दहाला सोडायची, हे म्हणजे पुन्हा पंचिंग आलंच. ते ड्रायव्हर सक्तीनं गाडीत राहतात आणि मला हौसेनं राहायचं आहे, हा फरक मी विसरत नाही. पण गाडीत राहणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांच्यातल्या एकाला मी एकदा विचारलं, सगळ्यात त्रास कशाचा? मला वाटलं, डास म्हणेल, नाहीतर उकाडा. तो म्हणाला, ‘पानी और जगह.’ गाडी कुठे उभी करायची आणि पाणी कुठे मिळायचं, एवढे दोन प्रश्न सुटले की बाकीचं माणूस निभावून नेतो.

लहानच गाडी का, याचं उत्तर सोपं आहे. मोठी मोटारहोम खिशालाही परवडत नाही आणि आमच्या वाड्यांच्या पाखाड्यांनाही. गुहागरच्या बाजूला कुठल्याही वाडीत शिरा, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर आंब्याच्या फांद्या; समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं आणि ती एसटी नसते. म्हणून डोळ्यांसमोर आहे ती मारुतीची ईको किंवा तिच्या जातीचं काहीतरी. ईकोची लांबी 3675 मिलिमीटर, रुंदी दीड मीटरला थोडी कमी. बाहेरची उंचीच 1825 मिलिमीटर, तेव्हा आत उभं राहणं नाही. पँट बदलायची तर आडवं होऊन. पत्रा, दारं, पॅडिंग वजा करता दोघांना मिळून चारेक फूट रुंदीचं अंथरूण. ते पाहूनच पाय पसरायचे. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे दिवसभर चालवून रात्री थांबलं की काही वेळ खालून शेक येत राहतो. डिसेंबरात तो गोड लागेल, एप्रिलमध्ये नाही.

एवढ्याशा डब्यात झोपणारे आपण जगात पहिले नव्हे. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीनं फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बिछाना आणि कपाटं बसवून द्यायला 1951 मध्ये सुरुवात केली. पण आपल्याला जवळचं उदाहरण जपानचं. तिथे ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे: लांबी 3.4 मीटरच्या आत, रुंदी 1.48 मीटरच्या आत, इंजिन 660 सीसीपर्यंत. आपल्याकडे 1984 मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, ही सुझुकीच्या तसल्याच छोट्या ‘कॅरी’ची बहीण. आपण तिच्यात शाळेची पोरं कोंबली, पेशंट नेले, लग्नाचे आचारी आणि त्यांची पातेली नेली. 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. जपानी निवृत्त जोडपी त्याच मापाच्या गाडीत गादी टाकून देश फिरतात.

ती फिरू शकतात, याचं श्रेय मात्र गाडीला नाही. 1993 पासून तिथे ‘मिचि-नो-एकी’ म्हणून रस्त्याकडेची स्थानकं उभी राहिली, आज ती बाराशेच्या वर आहेत. गाडी लावायला फुकट जागा, चोवीस तास उघडं स्वच्छतागृह, आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला विकायला ठेवलेला. तिथेही दमल्यावर डोळा लागला तर चालतं, तंबू ठोकल्यासारखा मुक्काम करू नका असंच सांगतात. तरी थांबलेल्या माणसाला हक्काचा आडोसा आहे. आमच्या मुंबई-गोवा हायवेवर चौपदरीकरणात कडेची जुनी वडा-आंब्याची झाडं गेली, त्यांच्याखालच्या टपऱ्या गेल्या. रस्ता रुंद झाला आणि थांबायची जागा मात्र अरुंद झाली. पेट्रोलपंप, नाहीतर खेड-चिपळूणचा एसटी स्टँड, एवढाच आधार. 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. मला रात्री साडेदहाला वापरता येईल असा नळ हवा आहे.

आणि समजा एखाद्या गावाच्या कडेला, सुरूच्या बनात गाडी लावली. कोकणातल्या गावात परकी गाडी रात्री उभी राहिली आणि कुणी विचारायला आलं नाही, असं होत नाही. ‘काय हो, कुठले तुम्ही? कोणाकडे आलात?’ यात वैर नसतं, पण उत्तर ‘कोणाकडेच नाही’ असं असेल तर समोरच्याचा चेहरा बदलतो. कोणाकडे तरी आलेला असणं हीच इथे माणसाची ओळख. व्हॅन ती पुसून टाकते. शहरातल्या माणसाला यातच सुटका वाटत असेल. मला जरा ओशाळं वाटतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. केमिकल प्लँटमध्ये रिकाम्या रिअ‍ॅक्टरमध्ये माणूस उतरवायचा तर व्हेसल एन्ट्री परमिट लागतं. लाइन ब्लाइंड करायची, हवा खेळवायची, आतल्या ऑक्सिजनचं प्रमाण मोजायचं, 19.5 टक्क्यांच्या खाली आलं तर परमिट नाही. मॅनहोलच्या तोंडाशी एक माणूस उभा, तो चहालाही हलायचा नाही. हे सगळं ज्यानं वर्षानुवर्षं केलं, त्याच्यासमोर तुम्ही पत्र्याचा बंद डबा ठेवता, आत दोन माणसं झोपवता, पायाशी गॅसचा सिलिंडर ठेवता आणि डासांमुळे काचा वर करता. बाहेर उभा राहणारा कोणी नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणजे बरोबर अंथरुणाच्या पातळीला. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे कॅरॅव्हॅनमध्ये झोपलेली दोन माणसं मरण पावली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातून आत आला होता. एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणाऱ्यांच्या बातम्या तर आपण नेहमी वाचतो. तेव्हा माझ्या गाडीत शेगडी नाही, जनरेटर नाही आणि झोपताना इंजिन चालू नाही, ही तीन कलमं मी स्वतःच स्वतःला घालून घेतली. राहिला बॅटरीवरचा पंखा आणि काचेला लावलेली जाळी. आता परमिटवर सही करायला हरकत नाही.

शेगडी रद्द झाल्याचं मी घरी बायकोला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, निम्मी मजा गेली म्हणून ही हळहळेल. ती म्हणाली, ‘मग पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं ठरवलंत.’ आणि मग तिनं जे बोलून दाखवलं ते कुठल्याच व्हिडिओत नसतं. गाडीत ओटा असला की त्या ओट्याशी उभं कोण राहणार? समुद्रावर जाऊन पोहे मीच करायचे, भांडी बादलीत मीच विसळायची, पाणी जपून मीच वापरायचं, आणि तुम्ही खुर्ची टाकून सूर्यास्त बघणार. माझी सुट्टी कुठे आहे यात? गुहागरला एका घरी आम्ही उतरलो होतो, त्याची तिनं आठवण काढली. तिथल्या वहिनींनी हिला पानावर बसवलं, गरम भातावर वालाचं बिरडं वाढलं, सोलकढीची वाटी दोनदा भरली आणि उठताना ताटसुद्धा उचलू दिलं नाही. समुद्र हिच्या फारसा लक्षात नाही, ती वाटी पक्की लक्षात आहे.

मी गप्प बसलो. व्हॅनच्या स्वातंत्र्याचं जे गुणगान चालतं ते बहुतेक स्टिअरिंगवर बसलेल्या माणसानं लिहिलेलं असतं. घर बरोबर नेता येतं खरं, पण घराबरोबर घरातली कामाची वाटणीही चाकांवर बसून येते. ती तशीच न्यायची असेल तर गाडीला कॅम्पर म्हणा नाहीतर पुष्पक विमान, एका माणसाची बदली फक्त दुसऱ्या स्वयंपाकघरात झालेली असते.

हिशोबही मी मांडून पाहिला. दोघांचं जेवणखाण धरून घरगुती मुक्कामाला रात्रीला तीन हजार पडतात असं धरलं, तर गाडीला जाणाऱ्या सहा लाखांत दोनशे रात्री निघतात. वर्षाला वीस रात्री बाहेर काढल्या तरी दहा वर्षं. पेट्रोल दोन्हीकडे सारखंच. शिवाय ऋतूंचं गणित आहे. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस असा की सरकतं दार उघडलं की अंथरूण ओलं. मार्चपासून घाम. म्हणजे गाडीत झोपायचे महिने मोजून तीन-चार. आणि लोट्यात राहणाऱ्या माणसाची आणखी एक पंचाईत: गुहागर, दापोली, हर्णै सगळं हाताशी. सकाळी निघून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी घालावी, पलीकडे दाभोळला उतरावं, दापोली करून खेडवरून रात्री घरच्या गादीवर यावं. जिथे व्हॅनमध्ये झोपायला मजा येईल तिथून घर जवळ आहे, आणि जिथून घर लांब आहे तिथे हायवेवर थांबायला जागा नाही.

तरीही गाडी नको असं मनाला म्हणता येत नाही, कारण फिरण्याच्या दिवसांपेक्षा न फिरण्याचे दिवस जास्त असतात आणि तिथे ही व्हॅन भलतीच कामाची ठरते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या चिपळूणला पोचवायच्या, पावसाआधी काजूची कलमं आणायची, देवळाच्या सप्त्याची भांडी न्यायची. गणपतीत मुंबईची मंडळी आली की घरात पाय ठेवायला जागा नसते. ओटीवर भजन आणि माजघरात पोरं. अंगणात उभी असलेली व्हॅन म्हणजे एक जादा खोली, तीही दार बंद करता येणारी. 2022 च्या उन्हाळ्यात डोंगर कापायला परशुराम घाट दुपारचे काही तास बंद ठेवत. घाट उघडायची वाट बघत लोक रणरणत्या उन्हात गाड्यांत बसून राहायचे. मागे पाय लांब करायला फळी असती, तर त्या दिवसांना मी सुट्टीच म्हटलं असतं.

कागदांचं तेवढं नीट पाहायला हवं. मालवाहू ईको स्वस्त दिसते, पण तिची नोंद मालवाहू गाडी म्हणून. मागे माणसं बसवता येत नाहीत आणि फिटनेसचे हेलपाटे वेगळे. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलं आहे. सीटा काढून कपाटं ठोकली आणि आरसी बुकात नोंद नसली, तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. म्हणून पांढऱ्या पाटीची, पाच सीटांची, वापरलेली पण पत्रा न सडलेली गाडी बघायची. खाऱ्या हवेतली गाडी खालून आधी जाते, तेव्हा घेताना पाठीवर झोपून तळ पाहायचा. आत बोल्ट मारून काही बसवायचं नाही. उचलून घरात आणता येईल अशी फळी, गादी, जाळी, पंखा, पाण्याचे दोन कॅन. मुक्काम शक्यतो कुणाच्या तरी घरी, आणि गाडीतलं अंथरूण दुपारच्या झोपेसाठी, घाटात अडकल्यावर, किंवा उतरायला कुठे मिळालंच नाही तर.

हिला हे बहुतेक मान्य आहे. फक्त गाडीतली पहिली रात्र बाहेरगावी नको, आपल्याच अंगणात काढून बघा, म्हणजे मध्यरात्री दार वाजवायची सोय राहील, असं तिचं म्हणणं. ती म्हणते मे महिन्यात काढा, मी म्हणतो डिसेंबरात. बोलणी चालू आहेत.