सही न करणारा

चि. सई,

इंडिपेन्डन्स हॉल पाहून आल्यावर लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. हिरव्या कापडाने झाकलेली ती टेबलं तुझ्या शब्दांतून मलाही दिसली. पण शेवटी तू लिहिलंयस, ‘जॉन डिकिन्सनने ऐन वेळी कच खाल्ली.’ हे वाक्य दोन दिवस मनातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

हा माणूस अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीतला नामांकित वकील. लंडनच्या मिडल टेंपलमध्ये कायदा शिकलेला. इंग्लंडच्या कायद्यावर त्याची खरीखुरी श्रद्धा होती आणि त्याच श्रद्धेपोटी तो पार्लमेंटशी भांडला. काच, शिसं, कागद, रंग आणि चहा यांवर जकात बसली, तेव्हा १७६७-६८ मध्ये ‘एक शेतकरी’ म्हणून त्याने बारा पत्रं लिहिली. व्यापाराला शिस्त लावण्यासाठी घेतलेली जकात एक वेळ चालेल, पण आम्हाला न विचारता महसूल उकळण्यासाठी घेतलेली चालणार नाही, हे त्याने शांतपणे पटवून दिलं. वसाहतींतल्या बहुतेक वर्तमानपत्रांनी ती पत्रं छापली. लोकांना लढ्याची भाषा ज्यांनी दिली, त्यांत हा अगदी पुढे होता.

लेक्झिंग्टनला इंग्रज सैन्याशी झालेल्या चकमकीत रक्त सांडल्यावरही, जुलै १७७५ मध्ये, त्याने राजाला समेटाचा अर्ज लिहिला आणि त्याच महिन्यात शस्त्रं का उचलावी लागली याचा जाहीरनामाही. हे दोन्ही कागद त्याने मनापासून लिहिले. राजा तिसऱ्या जॉर्जने अर्ज हातातसुद्धा घेतला नाही.

मग आला १ जुलै १७७६. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत स्वातंत्र्याच्या ठरावाविरुद्ध तो उभा राहून बोलला. आधी तेरा वसाहतींचा आपसातला करार पक्का करा, फ्रान्सचा कल पाहा, मग घोषणा करा, असं त्याचं म्हणणं. आपली लोकप्रियता आज संपते आहे, हे त्याला कळत होतं. त्या दिवशी पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधींची मतं पडली चार विरुद्ध तीन, ठरावाच्या विरोधात. दुसऱ्या दिवशी डिकिन्सन आणि त्याचा सहप्रतिनिधी रॉबर्ट मॉरिस आपल्या जागांवर आलेच नाहीत. उरलेल्या पाचांत तीन-दोन झाले आणि पेनसिल्व्हेनिया स्वातंत्र्याच्या बाजूला गेलं.

सई, मनाला न पटलेल्या गोष्टीला त्याने होकार दिला नाही आणि आपल्या नकाराने देशाची वाटही अडवली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आपली पलटण घेऊन न्यू जर्सीत इंग्रजांसमोर उभा होता. तो तिथे असतानाच त्याला प्रतिनिधिपदावरून वगळण्यात आलं. ज्या घोषणेवर त्याची सही नाही, तिच्या रक्षणासाठी तो बंदूक घेऊन गेला. कच खाणारा माणूस असं वागत नाही गं.

त्याला देव्हाऱ्यात बसव, असं मी म्हणत नाही. संमतीशिवाय कर देणारी माणसं गुलामच, असं लिहिणाऱ्या या माणसाच्या शेतांवर खरेखुरे गुलाम राबत होते. १७७७ मध्ये त्याने त्यांना अटी घालून मुक्त केलं आणि विनाअट मुक्तीसाठी त्यांना आणखी काही वर्षं थांबावं लागलं. तो डाग त्याच्या नावावर आहेच.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि दर वर्षी फळ्यावर नावं लिहिली ती सही करणाऱ्यांचीच. एका बाजूला जन्माची निष्ठा, दुसऱ्या बाजूला आपली माणसं, अशा कात्रीत सापडलेल्यांना आपण चटकन भित्रे किंवा फितूर म्हणून मोकळे होतो. मीही झाले होते. आता ते मला सलतं.

पुन्हा त्या दालनात गेलीस, तर पेनसिल्व्हेनियाच्या टेबलापाशी थोडी थांब. २ जुलैला तिथल्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या, म्हणून ती वसाहत ‘हो’ म्हणू शकली.

थंडीची काळजी घे.

तुझी,
आत्या