शिनून गेलो बा

परभाषेतल्या गाण्याचा एक मोठा फायदा असतो. ते कळत नसल्यामुळे त्यावर रागावता येत नाही. निदान गेल्या डिसेंबरापर्यंत माझं असं मत होतं.

जपानी गाण्याशी माझा पहिला संबंध आला तो 'लव्ह इन टोकियो'मुळे. सिनेमा 1966 चा. आमच्याकडच्या तंबूत तो यायला आणखी दोनतीन वर्षं गेली असतील. किमोनो घातलेली आशा पारेख 'सायोनारा' म्हणत होती. आवाज लताबाईंचा, संगीत शंकर-जयकिशनचं, म्हणजे जपानी काय ते त्या एका शब्दापुरतं. पण तेवढ्या भांडवलावर आम्ही पोरं वर्षभर एकमेकांना सायोनारा करत होतो. बहिणीच्या वेणीला दोन रंगीत गोट्यांचं रबर आलं, त्यालाही 'लव्ह इन टोकियो'च म्हणायचे. जपानचा आणि माझा व्यवहार तिथेच संपला. पुढे मी उसाच्या नोंदी करता करता म्हातारा झालो.

आमचं अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यातलं समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. इथे वर्षाला ऋतू दोनच, कारखाना सुरू आणि कारखाना बंद. डिसेंबरात गळीत ऐन भरात असतं. हवेला मळीचा वास, रस्त्यावर उसाच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरवर कर्ण्यातून गाणी. अशा भर हंगामात आमची नात पुण्याहून अचानक आली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. सुट्टी आहे का विचारलं, तर "हो" म्हणाली. किती दिवस, तर "बघू" म्हणाली. आणि कानात बोंडं घालून बसली.

तिसऱ्या दिवशी बोंडं बिघडली आणि गाणं घरभर झालं. एकच गाणं. सकाळी तेच, दुपारी तेच, रात्री तेच. कुणीतरी पोरगा पियानो बडवत काकुळतीला येऊन काहीतरी सांगतोय, एवढंच मला कळलं. शेवटी पुन्हा पुन्हा तेच शब्द, 'शिनुनोगा ए-वा'.

त्याचा उलगडा केला एका गाडीवानाने. बैलांना पाणी मागायला तो फाटकाशी थांबला होता. डोक्याला मफलर, अंगावर उसाचं कुसळ. घटकाभर कान देऊन म्हणाला, "शिनून गेलो बा म्हनायलंय की ते! उसतोड्याचं गानं हाय का वो काका?"

त्या दिवसापासून आमच्या आळीत ते गाणं 'शिनून गेलो बा' झालं. आमची ही कणीक मळताना तेच गुणगुणायला लागली. चालीवर अगदी चपखल बसत होतं.

नातीला हे सांगितलं तेव्हा ती आठ दिवसांत पहिल्यांदा हसली आणि मग बोलत सुटली. गाणारा फुजी काझे. जन्म 1997 चा, ओकायामा प्रांतातल्या सातोशो नावाच्या लहानशा गावचा. आईबापाचं कॉफीचं दुकान. बापानेच पियानो शिकवला आणि पोराने वयाच्या बाराव्या वर्षापासून घरी वाजवून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. हे गाणं 2020 च्या त्याच्या पहिल्या अल्बममधलं. दोन वर्षं आपलं कोपऱ्यात पडून होतं. 2022 मध्ये थायलंडच्या पोरांनी ते उचललं आणि बघता बघता जगभर झालं. मग त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर, सगळा देश बघतो त्या 'कोहाकु' कार्यक्रमात, त्याने तेच गाणं म्हटलं.

"आणि आबा, सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग आठवते? ती ओकायामाच्या तीनशे वर्षं जुन्या बागेवरून केलीय. म्हणजे त्याच्या प्रांताचा तुकडा पुण्यात आहे."

"तू जातेस तिथे?"

"एकटीच जाते," असं म्हणून ती पुन्हा गप्प झाली.

त्या 'एकटीच'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण मला अर्थ जाणून घ्यायची खाज. शेजारच्या गुरुजींच्या मोबाइलमध्ये भाषांतराचं यंत्र आहे. गुरुजींनी नाव घातलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मेलेलं बरं, असा अर्थ दाखवतंय."

माझ्या पोटात गोळा आला. पोरगी न कळवता येते, जेवत नाही, बोलत नाही, आणि दिवसभर 'मेलेलं बरं' ऐकते! त्या रात्री मी तीनदा उठलो. दार उघडून बघायची हिंमत होईना, म्हणून तिच्या खोलीबाहेर नुसता खोकलो. आतून "आबा?" असं आलं की जीव भांड्यात पडायचा. चौथ्या वेळी तीच बाहेर आली, मला अडुळशाचा काढा पाजला आणि झोपायला लावलं. पहारा कोण कुणावर करत होतं, ते कळेना.

सकाळी हिला सगळं सांगितलं. ही भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मेलेलं बरं असं मी चाळीस वर्षं म्हणतेय. कधी उठलात का रात्रीचे?"

याला उत्तर नव्हतं. मी चपला घातल्या.

नात फाटकाशी उभी होती. धुक्यातून गाड्या चालल्या होत्या. उसाच्या मोळ्यांवर शालीत गुंडाळलेलं एक पोर झोपलं होतं. मी धीर करून विचारलं, "बाई, ते मेलेलं बरं कशासाठी गं?"

तिने आधी डोळे मोठे केले. मग म्हणाली, "म्हणून खोकत होतात होय! आबा, ते प्रेमाचं गाणं आहे. तुझ्यावाचून राहण्यापेक्षा मेलेलं बरं, एवढंच. तुमच्या वेळच्या सिनेमात दर रिळाला हेच म्हणायचे की!"

"बरं. आणि तू?"

माझ्या नोकरीत मी हजारो प्रश्न विचारले. लागण कधीची, जात कुठली, क्षेत्र किती. पण या दोन शब्दांना जेवढा वेळ लागला तेवढा कशालाच लागला नव्हता.

तिने थोडा वेळ गाड्यांकडे बघितलं. "मला मरायचं नाहीये, आबा. पण तो गाडीवाला बोलला ना, तसं झालंय. शिनून गेलेय."

मग हळूहळू निघालं. पहिल्याच आठवड्यात वर्गात तिने "सर, हे कसं करायलेत?" असं विचारलं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून 'करायलेत' हे तिचं टोपणनाव. मग तिने विचारणंच सोडलं. प्रत्येक वाक्य तोंडात धुऊन, इस्त्री करून बाहेर काढायचं. विचारलं नाही म्हणून कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून दोन विषय राहिले. बापाला सांगायची छाती नाही.

"आणि हे गाणं?"

"त्याची गंमत माहितीय? लिहिताना ते 'इइ वा' असंच लिहितात, पुस्तकातल्यासारखं. गाताना तो 'ए वा' म्हणतो. तिकडे पश्चिमेला तसंच बोलतात. लिहायचं पुण्याचं, बोलायचं अंबडचं! आणि त्याला कुणी हसत नाही, आबा. जग ऐकतं."

गळ्याशी काहीतरी आलं. उपदेश करायची माझी सवय आहे, पण ऐन वेळी एकही आठवला नाही. म्हणून जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं, की मॅट्रिकला गणितात मी पहिल्यांदा उडालो होतो. ऑक्टोबरला बसून सुटलो.

"बाबांना माहीत आहे?"

"तुझ्या बापाला? त्याच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर मी 'अजून प्रयत्न हवा' लिहीत आलोय!"

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून माझ्या मुलाला सांगितलं. आधी माझं, मग तिचं. माझं ऐकून तो इतका खूश झाला की तिच्यावर रागवायला त्याच्यापाशी जोर उरला नाही. दोन दिवसांनी तोच तिला पुण्याला सोडून आला. जाताना ती म्हणाली, "आबा, जायलेय मी," आणि 'जायलेय'वर मुद्दाम जोर दिला.

दोन विषय सुटले की नाही, ते निकाल लागल्यावर कळेल. रोज रात्री फोन मात्र येतो, आणि त्यात "बघू" हा शब्द नसतो.

गाणं तिने माझ्या मोबाइलमध्ये घालून दिलंय. तो गाडीवान दुपारी हटकून थांबतो. "काका, ते शिनून गेलो लावा की." त्याला खरा अर्थ सांगावा असं एकदा मनात आलं होतं. पण त्याने लावलेला अर्थ आमच्या घरात खरा निघाला होता. यंत्राचा साफ चुकला.

काल गाणं सुरू असताना ही आतून म्हणाली, "मेलं हे गुडघ्याचं दुखणं, यापेक्षा मेलेलं बरं."

मी मोबाइल गाडीवानाच्या हातात दिला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. साखर कुठल्या डब्यात असते, ते विचारावं लागलं. ही हसली. उभा जन्म साखर कारखान्यात काढलेला माणूस मी, हसायचीच.