बाब्या

खोताच्या वाडीत पारवा पाळलाय म्हटलं की समोरचा आधी हसतो. इथे पारव्यांचा तोटा कधी होता? कौलांखाली, जुन्या लाकडी जिन्यांच्या वळचणीला, जिथे चार काड्या टेकतील तिथे त्यांचा संसार. आमचा बाब्या मात्र 2025च्या संक्रांतीत पंखात मांजा रुतून गॅलरीत पडला. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाची 2017 सालापासून बंदी आहे; गिरगावच्या तारांना ती अजून कळलेली नाही.

खोक्यात घालून त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. दिनशॉ पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावे उभारलेलं हे हॉस्पिटल आजही जुन्या लोकांच्या तोंडी बैलघोडाच आहे. पंख शिवला, बांधला. पण सांधा आखडला. कठड्यापासून खुर्चीपर्यंत उडेल, कावळ्या-घारींपासून जीव वाचवण्याइतकं नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तो आता आमचाच.

सुरुवातीला हात जवळ नेला की बऱ्या पंखाची सणसणीत थप्पड बसायची. मी त्याला उचलणंच सोडलं. ठरल्या वेळी वाटी ठेवायची आणि त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचायचा. टक लावून बघणारा त्याला शिकारीच वाटतो. हळूहळू तो पेपरवर येऊन बसू लागला आणि शेंगदाण्याच्या तुकड्यासाठी तळहातावर.

खायला ज्वारी, बाजरी, मूग, थोडा मका. दिवसाला साधारण 30 ग्रॅम पुरतं. पाव-शेव अजिबात नाही. दाणे दळायला बारीक खडे लागतात. शिंपल्यांचा चुरा शेजारच्या आंटीकडून येतो. तिच्याकडे तिसऱ्या झाल्या की शिंपलं उकळून, कुटून पुडी हजर. पाण्याचं भांडं खोल हवं, कारण पारवा चोच बुडवून एका दमात पाणी ओढतो, चिमणीसारखी मान वर करत नाही.

घरात दम्याचा माणूस आहे, त्यामुळे पिंजरा गॅलरीतच. वाळलेली विष्ठा आणि पिसांची पूड छातीत जाते, फुफ्फुसं कायमची बिघडू शकतात. म्हणून कागद आधी ओला करायचा, मगच गुंडाळायचा, आणि तोंडाला मास्क. यात मी सवलत देत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी कपड्यांच्या चिमट्यांच्या टोपलीत पांढरं अंडं दिसलं. दीडेक दिवसाने दुसरं. "बाब्या कसला, बाई हाय ती!" आंटी हसून हसून बेजार. नर नसला तरी पारवी अंडी घालते, ती फळत नाहीत एवढंच. मी ती टाकून देणार होते, डॉक्टरांनी थांबवलं. अंडी गेली की ती पुन्हा घालते आणि कवचासाठी अंगातलं कॅल्शियम संपवते. बसू दे, कंटाळली की आपणच उठेल.

पारव्यांच्या जोडीत दुपारची पाळी नराची असते. बाब्याला पाळी सोडवायला कोण? ती माझ्याकडे बघून घुमू लागली. मी अंड्यांवर हात ठेवला की मगच उठून दाणे टिपायला जायची, परत आली की माझी बोटं चोचीने साफ करायची. पिल्लू अठराएक दिवसांत बाहेर येतं. तो काळ उलटल्यावरही ती काही दिवस बसली आणि एका सकाळी अंड्यांकडे ढुंकूनही न पाहता शेंगदाणा मागायला आली. बाब्या हे नाव मात्र तसंच राहिलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, आंदोलकांनी ती फाडली. पारव्यांना दाणे घालावेत की नाही यावरून वाडीतही दोन तट. पारवी पाळणारी म्हणून मी दाणेवाल्यांकडची, असं सगळ्यांनी धरलं. मी नाही. भर वस्तीत पोती ओतली की थवा वाढतो, आजारी पाखरं निरोग्यांत मिसळतात आणि आसपासचे लोक ती धूळ श्वासात घेतात. त्याला पाखरांची काळजी घेणं म्हणणं मला पटत नाही.

जखमी पारवा सापडला तर चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. मांजा ओढू नका. बाहेरचा कात्रीने कापा, आत रुतलेला डॉक्टरांना काढू द्या.