लोगो नको, मत हवं

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी काही मित्रांसोबत सांभाळतो. ते फुकट आहे आणि त्याचा कोड खुला आहे. कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. छोटे प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक, वडिलांची जुनी पुस्तकं नव्याने काढू पाहणारी मुलं-मुली ते वापरतात. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. हे काम रात्री जेवणानंतरचं आणि रविवार सकाळचं.

मजकूर बदलून देणं वरून सोपं वाटतं. पण जुन्या फाँटांच्या फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात आणि मजकूर डोळ्यांना दिसतो त्याच क्रमाने ठेवलेला असतो. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. जुन्या फाइलमध्ये आधी पहिली वेलांटी येते, मग न, पुन्हा पहिली वेलांटी, मग म, त्यानंतर रफार, आणि शेवटी त व दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. तिथे वेलांटी व्यंजनानंतर जाते आणि रफाराचा र उचलून म च्या आधी आणावा लागतो. ‘आचार्य’मधला र वेगळा, ‘दुसऱ्या’मधला वेगळा. त्यात प्रत्येक फाँटचा तक्ता निराळा. त्यामुळे हे काम कधी ‘झालं’ असं होत नाही. कुणाच्या तरी कपाटातून जुनी सीडी निघते आणि आमच्याकडे नवा इश्यू येतो.

मेंटेनर, म्हणजे असा प्रकल्प सांभाळणारा माणूस, सतत कोड लिहीत असतो असं अनेकांना वाटतं. माझा निम्म्याहून जास्त वेळ उत्तरं देण्यात जातो. ‘सर, अर्जंट आहे, पुस्तक उद्या प्रेसला जायचंय’ अशा मजकुराला शांतपणे ‘कोणता फाँट? दोन ओळींचा नमुना पाठवाल का?’ असं विचारायचं. आलेला बदल तपासायचा, चांगला असला तर मर्ज करायचा, म्हणजे मूळ कोडमध्ये मिळवायचा, आणि नसला तर का नाही ते समोरच्याचा हुरूप न घालवता सांगायचं. कुणी चांगली सूचना केली तरी ती आपल्या कामाच्या कक्षेत बसत नसेल, तर नकार द्यायचा. ओसीआर, शुद्धलेखन तपासनीस, व्हॉट्सॲप बॉट असं सगळं आमच्याकडे मागून झालेलं आहे.

नवी माणसं येतात ती निरनिराळ्या वाटांनी. काहींना बायोडेटात एक ओळ हवी असते, आणि त्यात गैर काही नाही. पण हेतू तेवढाच उरला की काय होतं, ते 2020च्या ऑक्टोबरमध्ये जगभरच्या मेंटेनरांनी पाहिलं. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंत्या, केल्या की टी-शर्ट मिळत असे. त्या वर्षी रीडमी फाइलमध्ये एखादा कौतुकाचा शब्द घुसडणाऱ्या निरर्थक बदलांचा असा पूर आला की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांनी आपणहून नाव दिलं असेल, तेवढेच त्यानंतर धरले जाऊ लागले. अशा वेळी मेंटेनरला दार लावून घ्यावंसं वाटतं. आम्ही दारावर पाटी लावली.

ती पाटी म्हणजे मदत कशी करावी हे सांगणारी फाइल. आमची मराठीत आहे, कारण येणारे बहुतेक जण मराठी आहेत आणि आमचा विषयही मराठीच आहे. सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर कसं चालवायचं, चाचण्या कशा चालवायच्या, उत्तराची वाट साधारण किती दिवस पाहायची, हे त्यात लिहिलंय. शिवाय काही कामं आम्ही नवख्यांसाठी मुद्दाम बाजूला ठेवतो. ती आम्हाला दहा मिनिटांत करता येतात, तरीही आम्ही त्यांना हात लावत नाही. हे पाळणं कठीण जातं. लग्नघरात आलेला पाहुणा ‘काही करू का?’ म्हणाला की सगळे ‘तुम्ही बसा हो’ म्हणतात. प्रेमानेच म्हणतात, पण तो पाहुणा संध्याकाळपर्यंत खुर्चीवर अवघडून बसतो. कितीतरी प्रकल्पांत नव्या माणसाचं हेच होतं.

सोलापूरकडचा एक विद्यार्थी असाच आला. पहिल्या मेसेजमध्ये तीनदा ‘सर’ आणि दोनदा ‘सॉरी’. त्याला एक काम दिलं. एका फाँटमध्ये ‘ज्ञ’ उलटा-पालटा निघत होता, तो दुरुस्त करायचा. त्याने दुरुस्त केला, पण सोबत पूर्ण फाइलमधल्या मोकळ्या जागाही ‘नीट’ केल्या. त्यामुळे एका ओळीच्या दुरुस्तीत शेकडो ओळी बदललेल्या दिसू लागल्या. मी लिहिलं, “ज्ञ अगदी बरोबर झालाय. बाकीचे बदल वेगळे काढ, म्हणजे हा लगेच घेता येईल.” कसं वेगळं काढायचं, ते फोनवर पडदा शेअर करून दाखवलं. त्या रात्रीच तो बदल मर्ज झाला. आज नव्या मुलांच्या प्रश्नांना पहिलं उत्तर तोच देतो, आणि त्याच्या उत्तरात एकही ‘सॉरी’ नसतो.

कोडची एक ओळही न लिहिता सगळ्यांत मोलाची मदत केली ती पुण्यातल्या एका डीटीपी काकांनी. पेजमेकरवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी चुकीच्या निघणाऱ्या शब्दांची एक्सेलमध्ये यादी केली. एका रकान्यात निघालेला शब्द, दुसऱ्यात हवा असलेला, तिसऱ्यात फाँटचं नाव. आम्ही ती यादी जशीच्या तशी चाचण्यांमध्ये घातली. आता कुणीही कोड बदलला की काकांचे शब्द आधी तपासले जातात आणि एखादा जरी चुकला तरी बदल अडतो. कोडमधले बदल नोंदवणारं गिट म्हणजे काय, हे काकांना आजही ठाऊक नाही.

त्यानंतर आली डिझायनर. मुंबईत एका कंपनीत ॲप्सच्या पडद्यांचं काम करणारी. वडिलांच्या कथांच्या जुन्या फाइल उघडताना तिला आमचं सॉफ्टवेअर सापडलं होतं. तिने लिहिलं, “मला कोडिंग येत नाही, पण मदत करायची आहे.” आमच्यातल्या एकाने तत्परतेने उत्तर दिलं, “वा! आम्हाला एक लोगो हवाच होता.” खुल्या प्रकल्पांत डिझायनरचं स्वागत बहुतेक वेळा असंच होतं. सगळं बांधून झालेलं असतं आणि त्यावर रंग मारायला माणूस हवा असतो.

तिचं उत्तर आलं, “लोगोचं नंतर पाहू. हे वापरतात त्यांना वापरताना तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का?”

ती एका शनिवारी पुण्याला आली आणि अप्पा बळवंत चौकाजवळ काकांच्या दुकानात दिवसभर त्यांच्या शेजारी बसून राहिली. काही शिकवलं नाही, काही सुचवलं नाही. फक्त पाहत आणि लिहीत राहिली. तिने आणलेली टिपणं आमच्या कामाला कलाटणी देणारी होती.

आम्ही सुरुवातीलाच फाँटची लांबलचक यादी दाखवून ‘निवडा’ म्हणत होतो. पण जुनी फाइल घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला फाँटचं नाव माहीत नसतं. काका एकेक नाव निवडून पाहत. मजकूर बदलून झाला की ते त्याचा प्रिंट काढत आणि जुन्या पुस्तकाशेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत ताडून पाहत. आपली मूळ फाइल बिघडेल या धास्तीने ते दर वेळी तिची आधी एक प्रत करून ठेवत. आणि ‘इनपुट एन्कोडिंग’ लिहिलेल्या बटणाला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता.

यातून नवा पडदा उभा राहिला. फाइल टाकली की सॉफ्टवेअर पहिल्या दोन ओळी वेगवेगळ्या फाँटांच्या तक्त्यांनी बदलून दाखवतं आणि विचारतं, ‘यातलं कुठलं नीट वाचता येतंय?’ माणसाने फक्त वाचायचं आणि बोट ठेवायचं. मूळ आणि बदललेला मजकूर शेजारीशेजारी दिसतो. शंका असलेल्या शब्दांना पिवळी पार्श्वभूमी आणि खाली रेघ असते. रेघ यासाठी, की सगळ्यांना रंग सारखे दिसत नाहीत. वर एक वाक्य असतं, ‘तुमची मूळ फाइल आहे तशीच आहे.’ ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते, तेही तिनेच दाखवलं. युनिकोडमध्ये अक्षर एकच असतं. त्याचं वळण फाँट ठरवतो. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलं की, ज्या फाँटांत मराठी रूपं दिलेली आहेत त्यांतून ब्राउझर ती उचलतो. एका ओळीचं काम होतं. आम्ही सगळे ते पान रोज बघत होतो.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. फाँटची यादी काढून टाकायला आमच्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रॅमर मित्राचा ठाम विरोध होता. “ज्याला नाव माहीत आहे त्याने दोन ओळी वाचत का बसायचं?” त्याचंही खरं होतं. शेवटी यादी राहिली, पण ‘मला फाँट माहीत आहे’ या बटणामागे. ही चर्चा आम्ही फोनवर न मिटवता लेखी केली. उद्या येणाऱ्याला निर्णयामागचं कारण वाचायला मिळावं, म्हणून.

आमची साधनंही डिझायनरच्या सोयीची नव्हती. गिट ओळींतला फरक दाखवतं. चित्रात ओळी नसतात. तिने चित्र टाकलं की ‘निळा जरा गडद वाटतो’ छाप अभिप्रायांची रांग लागायची. तिने एक नियम मांडला. ‘आवडलं’ किंवा ‘आवडलं नाही’ असं लिहायचं नाही. कोणता माणूस कोणतं काम करताना कुठे अडेल, ते लिहायचं. चर्चा एकदम कामाची झाली. चित्रं तिने पेनपॉटमध्ये केली. ते साधन खुलं आहे आणि एसव्हीजीसारख्या खुल्या मानकांवर चालतं. त्यामुळे तिच्यामागून येणाऱ्याला पैसे न भरता त्याच फाइल उघडून पुढे काम करता येतं.

श्रेयाचा प्रश्नही असाच. प्रकल्पाच्या पानावर योगदान देणाऱ्यांची यादी आपोआप बनते, पण ती कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, मोजते. दुकानात घालवलेला शनिवार तिला दिसत नाही. गिटहबवर कमिटच्या खाली सहलेखकाचं नाव लिहिता येतं. डिझायनरच्या आराखड्यावरून जो कोड झाला, त्यावर तिचं नाव तसं जातं. त्याखेरीज एक यादी आम्ही हाताने ठेवतो. तिच्यात काकाही आहेत.

मोठ्या प्रकल्पांतही वापरणाऱ्याच्या बाजूने विचार केला की फरक पडतो. ब्लेंडर हे थ्रीडीचं खुलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं ताकदवान पण किचकट म्हणून ओळखलं जाई. त्यात एखादी वस्तू निवडायची तर मूळ सेटिंगमध्ये माउसचं उजवं बटण दाबावं लागे. 2019मध्ये आलेल्या 2.80 आवृत्तीत पडद्याची मांडणी नव्याने केली गेली आणि निवडीसाठी डावं बटण आलं. नवख्याला बिचकवणारा उंबरठा बराच खाली आला.

दार उघडं ठेवण्यात धोका नाही का? आहे. 2024च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट घातलेली सापडली. ते लिनक्सवर सर्वत्र असतं, पण सांभाळणारा माणूस मुख्यतः एकच होता, आणि थकलेला. मदतनीस म्हणून आलेल्या एका टोपणनावाने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग घात केला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं. हे वाचून काहींनी निष्कर्ष काढला की अनोळखी माणसाला आत घेऊ नये. मला त्यातून उलटंच दिसतं. एकट्या, थकलेल्या मेंटेनरला फसवणं सोपं असतं. आमच्याकडे आता कुठलाही बदल दोघांनी पाहिल्याशिवाय आत जात नाही, माझाही नाही. नवी आवृत्ती काढायचे अधिकार हळूहळू मिळतात. मत मांडायचा अधिकार मात्र पहिल्या दिवसापासून असतो.

तुम्ही एखादा खुला प्रकल्प चालवत असाल, तर नवख्यांसाठी दोन-चार सोपी कामं आजच बाजूला काढून ठेवा आणि पहिल्या मेसेजला उत्तर लवकर द्या, मग ते ‘रविवारी पाहतो’ एवढंच का असेना. तुम्ही डिझायनर असाल, तर कोड येत नाही म्हणून माफी मागत येऊ नका. वापरणारा कुठे अडला ते घेऊन या. आणि डिझायनर हवा असेल, तर ‘लोगो पाहिजे’ अशी जाहिरात देऊ नका. पुढचा निर्णय कशाबद्दल आहे आणि तो कधी घ्यायचा आहे, ते कळवा.