'नॉट बॅड' म्हणजे काय?

सांगली, ९ जुलै

चि. मुक्ता,


तुझा मेसेज वाचला. तीन आठवडे राबून केलेल्या अहवालावर साहेबानं दोनच शब्द लिहिले, 'नॉट बॅड', आणि तू रात्री न जेवता झोपलीस. अगं वेडे, त्यानं तुझी पाठ थोपटलीय! इंग्लंडातल्या लीड्सकडचा माणूस याहून मोठी शाबासकी सहसा लेखी देत नाही.

अशा बोलण्याला इंग्रजीत लायटोटीज म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. जे म्हणायचंय त्याच्या उलट शब्द घ्यायचा, त्याला नकार लावायचा आणि गप्प बसायचं. तीस वर्षं मी वर्गात हे अलंकार शिकवले. सिमिली, मेटाफर पोरांना चटकन यायचे, कारण उपमा आणि रूपक आधीच घोकलेलं असायचं. लायटोटीज आलं की सगळा वर्ग कोरा. एका मार्काचा प्रश्न म्हणून मीही पान उलटायची. चुकलंच माझं.

आपल्याकडे ही तऱ्हा नाही असं नाही. (बघ, लिहितालिहिताच झालं!) पण आपण ती वापरतो कशाला? 'ती काही साधी नाही हो', 'तोही काही कमी नाही'. म्हणजे टोमणा मारायला. 'थोडाथोडका खर्च झाला नाही' म्हणताना नातेवाइकांना ऐकवायचं असतं. कौतुकाला मात्र आपल्याला 'एक नंबर' लागतं. इंग्रज कौतुकच नकारातून करतो, आणि ही खोड आजची नाही. 'बेओवुल्फ' या हजार वर्षांपूर्वीच्या काव्यातसुद्धा ती जागोजाग दिसते.

संकटातही यांचं तेच. २४ जून १९८२ च्या रात्री लंडनहून मुंबई, क्वालालंपूर करत पुढे ऑस्ट्रेलियाकडे निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. खाली काळा समुद्र. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना काय सांगावं? एक छोटीशी अडचण आलीय, चारही इंजिनं थांबलीत, ती सुरू करायची आम्ही शिकस्त करतोय, तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे. छोटीशी! पुढे इंजिनं सुरू झाली, विमान जाकार्ताला उतरलं, सगळे वाचले. मोठ्याला छोटं म्हणायची ही तऱ्हा म्हणजे लायटोटीजची सख्खी बहीण, मायोसिस. तू जीवशास्त्रात शिकलीस तोच शब्द. दोन्हीकडे अर्थ 'कमी करणं'. मला ती घोषणा फार आवडते. खोटं काही सांगितलं नाही आणि विमानात आरडाओरडाही माजू दिला नाही.

पण समोरच्याला खूण कळली नाही तर? एप्रिल १९५१, कोरियात इमजिन नदीवर ब्रिटिश ब्रिगेडमधल्या ग्लॉस्टर्स पलटणीला चिन्यांनी घेरलं होतं. ब्रिगेडियर ब्रोडींनी अमेरिकन जनरलला कळवलं, 'अ बिट स्टिकी', म्हणजे जरा अवघड झालंय. इंग्रज कानाला ही किंकाळी होती. अमेरिकन कानाला वाटलं, अवघड आहे पण निभावतंय. आणि वेळेवर ना मदत गेली ना माघारीचा हुकूम, असं सांगतात. ग्लॉस्टर्स पलटणीचे पाचशेहून जास्त जवान कैद झाले. दोन्ही बाजूंची भाषा इंग्रजीच होती, बरं का! लिहून ठेवलेलं वाक्य घेऊन अलंकार ओळखा म्हणणारे आम्ही मास्तर, ऐकणारा कोण हे कधी विचारलंच नाही.

तेव्हा तू साहेबाला 'थँक यू' एवढंच लिही, पानभर आभार नकोत. आणि आज नीट जेव. पुढच्या अहवालावर 'क्वाइट गुड' असा शेरा आला, तर मात्र हुरळून जाऊ नकोस, आधी मला फोन कर.

तुझी,
मावशी